रुळांशेजारून सायकल चालवताना: वाचकांचे प्रश्न

लाइट रेल म्हणजे विजेवर धावणारी, ट्रामच्या जातीची शहरी गाडी. तिचा मार्ग वाढवताना त्याच पट्ट्यात, रुळांना लागून सायकलमार्ग बांधण्याची पद्धत बऱ्याच शहरांत रुजते आहे. अशा मार्गांवर मागच्या अंकात लेख आला होता, त्यानंतर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रं रोज सायकल चालवणाऱ्यांची आहेत, काही आपल्या भागात असा मार्ग होऊ घातला आहे म्हणून नकाशे घेऊन बसलेल्यांची. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: सायकलमार्गावरून रस्त्यावर येताना ट्रामचे रूळ ओलांडावे लागतात. तिथे पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं आणि मी पडलो. वेग कमी होता, रस्ता कोरडा होता. मग चुकलं काय?

चुकला तो कोन, आणि तो बहुतेक वेळा रस्त्याच्या आखणीतच चुकलेला असतो. रस्त्यात पुरलेल्या रुळाला गाडीच्या चाकाची आतली कड फिरावी म्हणून एका बाजूला खाच ठेवावी लागते. ट्रामच्या प्रचलित रुळांत ही खाच साधारण 36 ते 42 मिलिमीटर रुंद आणि 47 मिलिमीटर खोल असते. रेसिंग सायकलचा टायर 23 ते 28 मिलिमीटरचा आणि शहरात वापरायच्या सायकलचा 32 ते 42 चा. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक सायकलींचं चाक या खाचेत बसतं.

चाक खाचेत गेलं की पडायला वेग लागत नाही. सायकल उभी राहते ती हँडल सतत थोडंथोडं इकडेतिकडे वळत असतं म्हणून. सरळ चालवताना आपल्याला ते जाणवतही नाही. खाचेत चाक अडकलं की हे वळणं बंद होतं, पण शरीर मात्र आपल्या दिशेने पुढे जात राहतं. तोल सावरायला काही उरतच नाही.

कोनाचा हिशेब करून पाहा. खाच 42 मिलिमीटरची आहे. तुम्ही काटकोनात ओलांडलंत तर टायरला 42 मिलिमीटरची पोकळी पार करायची असते. 60 अंशांत ती साधारण 48 होते, 30 अंशांत 84, आणि 15 अंशांत 162 मिलिमीटर. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर लांब असतो. काटकोनात तो एकाच वेळी खाचेच्या दोन्ही काठांवर टेकलेला राहतो. 15 अंशांत मात्र तो सगळाच्या सगळा पोकळीवर येतो आणि खाली उतरतो. म्हणून 60 अंशांच्या वर राहायचं, आणि 30 च्या खाली कधीच जायचं नाही.

ओलांडण्याची पद्धत अशी. रुळांच्या वीस-तीस मीटर आधी खांद्यावरून मागे बघा, वेग तिथेच कमी करा आणि हाताने इशारा द्या. रूळ तिरके येत असतील तर आधी थोडं बाहेरच्या बाजूला सरका आणि मग रुळांकडे वळा, म्हणजे काटकोन साधतो. या वळणासाठी बाजूला निदान दोन मीटर जागा लागते. रुळांवर असताना हँडल सरळ, दोन्ही पायडल एका पातळीत, कोपर सैल, बूड सीटवरून किंचित उचललेलं आणि ब्रेक सुटलेले हवेत. लोखंडावर ब्रेक लावायचा नाही, झुकायचं नाही, जोरात पायडल मारायचं नाही.

सर्वांत जास्त फसगत शेवटच्या रुळावर होते. दुहेरी मार्गावर एकामागून एक चार रूळ येतात. पुढचं चाक चौथ्या रुळापलीकडे गेलं की माणसाला वाटतं, झालं, आणि तो वळतो. मागचं चाक त्या वेळी अजून तिसऱ्या-चौथ्या रुळाच्या मध्ये असतं आणि वळल्यामुळे ते नेमकं तिरकं रुळावर येतं. मागचं चाक शेवटचा रूळ ओलांडेपर्यंत सरळच राहा.

पावसात आणखी एक गोष्ट होते. खाच टाळली तरी ओल्या लोखंडावरून टायर रुळाच्या दिशेने घसरतो, विशेषतः पानं किंवा तेल पडलेलं असेल तर. तेव्हा कोन जास्तीत जास्त काटकोनाजवळ ठेवा. जिथे रुळांना फाटे फुटतात, त्या सांध्यांवर एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या कोनांचे रूळ असतात. तिथे कुठलीही रेषा सुरक्षित नसते, उतरून सायकल ढकलत न्यावी.

चाक अडकलंच तर हँडल पिळू नका. सरळ राहा, मागचा ब्रेक हळू दाबा, पाय टेका आणि थांबल्यावर पुढचं चाक उचलून बाहेर काढा.

प्रश्न: जाड टायर घातले तर हा प्रश्न सुटेल का? आणि खाचेत रबर का भरत नाहीत?

50 मिलिमीटरच्या पुढचा टायर खाचेत पूर्ण जात नाही, तेवढा फायदा नक्की आहे. 42 ते 47 च्या टायरवर मात्र विसंबू नका. हवा कमी असेल तर तो दबून आत शिरतो आणि मग बाहेर काढणं जास्त अवघड जातं. ओल्या रुळावर घसरण्याचा धोका टायर कितीही जाड घेतला तरी राहतोच. लहान मुलांच्या सायकली आणि स्कूटर यांचं चाक छोटं असल्यामुळे ते त्याच खाचेत जास्त खोल बसतं. मुलांना रूळ चालतच ओलांडायला शिकवा.

रबर भरतात. गाडीच्या चाकाची कड आली की ती पट्टी दबते आणि गाडी गेली की वर येते. ज्या रुळांवर गाडी क्वचित आणि सावकाश जाते, उदाहरणार्थ डेपोकडे जाणारी वाट, तिथे हे चांगलं चालतं. दर चार-पाच मिनिटांनी गाडी असेल तर मात्र पट्टीची कड चेचली जाते, खाली वाळू-खडी साचते, थंड प्रदेशात पाणी गोठून ती वर येते. पट्टी फार कडक ठेवावी तर गाडीचं चाक उचललं जाण्याची भीती. म्हणून रोजच्या मार्गावर खरा उपाय एकच: ओलांडण्याची जागा आखतानाच काटकोनात आखणं. सायकलवाटेला रुळांआधी थोडा वळसा दिला की पुढची कित्येक वर्षं कोणी पडत नाही. हा वळसा कागदावर फुकट असतो, रस्ता झाल्यावर तो महाग पडतो.

प्रश्न: आमच्याकडे लाइट रेल वाढवणार आहेत आणि शेजारी सायकलमार्ग दाखवला आहे. नकाशे लोकांना बघायला ठेवले आहेत. आम्ही नेमकं काय तपासावं?

वरून काढलेला नकाशा बाजूला ठेवा. त्यात हिरवी रेघ नेहमीच छान दिसते. आधी आडवे छेद मागा, म्हणजे मार्ग मधोमध कापला तर भिंत, कठडा, खांब आणि रूळ कुठे येतात ते दाखवणारी चित्रं. त्यातही सगळ्यांत अरुंद जागेचा छेद मागा. ती जागा पुलाखाली असते, स्टेशनच्या पाठीमागे असते किंवा उंच भिंतीच्या कडेला असते. मार्गाची योग्यता तिथे ठरते.

पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचा दोन्ही दिशांचा एकत्र मार्ग असेल तर 3 मीटर ही किमान रुंदी धरा. अगदी नाइलाजाने, थोड्या अंतरासाठी, 2.4 मीटर. गर्दी अपेक्षित असेल तर 3.5 ते 4.2 मीटर. पण ही रुंदी मोकळी हवी. सायकलस्वार भिंतीला किंवा जाळीला चिकटून जात नाही, हँडल घासेल म्हणून तो साधारण 60 सेंटिमीटर आत राहतो. त्यामुळे दोन भिंतींमधला 3 मीटरचा मार्ग प्रत्यक्षात 1.8 मीटरचा उरतो. नकाशावर 3 मीटर लिहिलं असेल तर लगेच विचारा: हे डांबराच्या कडेपासून कडेपर्यंत की भिंतीपासून भिंतीपर्यंत? आणि ओव्हरहेड तारेचे खांब, सिग्नलच्या पेट्या, पाट्या यांच्या जागा या रुंदीच्या बाहेर आहेत का? सायकलमार्ग आखून झाल्यावर कोणीतरी वेगळ्या खात्याचा माणूस खांब बसवतो आणि तो हमखास मोकळ्या पट्टीत येतो.

दुसरा चढ. 5 टक्क्यांपेक्षा जास्त चढ नको, म्हणजे 20 मीटर चाललं की 1 मीटर वर. रुळांवरून पूल न्यायचा असेल तर खालची गाडी आणि तिच्यावरची वीजतार यांच्यामुळे पुलाची पातळी रुळांपासून सहा-सात मीटर वर जाते. 6 मीटरला 5 टक्क्यांनी 120 मीटर लांबीचा उतार लागतो, तोही दोन्ही बाजूंना. चित्रात तो 60 मीटर दिसत असेल तर चढ 10 टक्के आहे, मग कोणी काही म्हणो. उताराऐवजी लिफ्ट दाखवली असेल तर तिची आतली लांबी विचारा. साधी सायकल 1.8 मीटर लांब असते, सामानाची किंवा मुलं बसवायची सायकल अडीच मीटर. शिवाय लिफ्ट बंद पडते, उतार बंद पडत नाही.

रुळांखालून भुयारी वाट काढली तर चढ-उतार निम्म्यावर येतो, कारण सायकलस्वाराला डोक्यावर 3 मीटर पुरतात. कमीत कमी 2.4. पण मग तळाशी पाणी साचतं आणि पंप लागतो. पंप कोण सांभाळणार ते लिहून घ्या.

तिसरी वळणं. 20 किलोमीटर वेगाला साधारण 9 मीटर त्रिज्येचं वळण पुरतं, 30 किलोमीटरला 20 मीटर लागते. खांब किंवा झाड चुकवायला मार्गाला काटकोनी हिसके दिले की सायकलस्वार एकतर समोरच्याच्या अंगावर जातो किंवा मार्ग सोडून रस्त्यावरून जायला लागतो. एडिनबरा इथे ट्रामचा न्यूहेवनपर्यंतचा विस्तार जून 2023 मध्ये सुरू झाला. त्याच कामात लीथ वॉक या रस्त्यावर सायकलमार्ग झाला आणि त्यातल्या नागमोडी हिसक्यांवर बांधकाम चालू असतानाच सडकून टीका झाली. प्रत्येक अडथळा एकेकट्याने चुकवत गेलं की मार्गाचं असंच होतं.

शेवटी मार्गाची दोन्ही टोकं आणि मधल्या वाटा बघा. वेगळा, सुंदर मार्ग एखाद्या सहापदरी चौकात नेऊन सोडला असेल तर तो अपुरा आहे. मध्ये आत-बाहेर करायला जागा नसतील तर लोक जाळी कापतात किंवा मार्ग टाळतात, आणि संध्याकाळनंतर एकट्याने तिथून जायला घाबरतात. दाट वस्तीत दर तीन-चारशे मीटरवर बाहेर पडायची वाट हवी, पायऱ्यांची नव्हे, उताराची.

प्रश्न: गाडी सुरू होते आणि सायकलमार्ग मात्र मागे राहतो. असं का?

दोन कारणं आहेत. पहिलं पैशाचं. खर्च वाढला की कात्री आधी सायकलमार्गावर चालते, कारण त्याच्यावाचून गाडी धावू शकते.

अमेरिकेत बॉस्टनशेजारच्या सॉमरव्हिल आणि मेडफर्ड या शहरांकडे ग्रीन लाइन ही लाइट रेल वाढवण्याचं काम याचं ठळक उदाहरण आहे. खर्च हाताबाहेर गेल्यावर 2016 मध्ये सगळा आराखडा आटोपशीर केला गेला, त्यात सायकलमार्गाचा लेचमिअर स्टेशनकडचा तुकडा गाळला गेला. नंतर निविदेत तो ‘जमल्यास करावयाच्या कामां’मध्ये ठेवला आणि 2017 मध्ये निवडलेल्या कंत्राटदाराच्या देकारात तो बसला, म्हणून वाचला. युनियन स्क्वेअरची शाखा 21 मार्च 2022 ला आणि मेडफर्डची 12 डिसेंबर 2022 ला सुरू झाली. सायकलमार्ग खुला झाला जून 2023 मध्ये. सुमारे 3 किलोमीटरचा हा मार्ग जुन्या सायकलमार्गाला जोडला गेला आणि तिथून थेट मिनिटमन बाइकवे या लांब सायकलमार्गापर्यंत सलग जाता येऊ लागलं. मार्ग छोटा, पण जोडणी मोठी. लेचमिअरकडचा तुकडा परत घेतला नसता तर ही सलगता गेली असती.

सिडनीत उलट झालं. डलविच हिलपर्यंतची लाइट रेल मार्च 2014 मध्ये सुरू झाली, पण तिच्यासोबत नियोजित असलेला ‘ग्रीनवे’ हा पादचारी-सायकलमार्ग 2011 मध्येच लांबणीवर टाकला गेला होता. पुढे तो तुकड्यातुकड्यांनी करावा लागला. त्याच शहराच्या पश्चिमेला पॅरामॅटाची लाइट रेल डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाली, तिथे मात्र कार्लिंगफर्डकडून येणारा पादचारी-सायकलमार्ग त्याच कामाचा भाग म्हणून बांधला.

दुसरं कारण बांधकामाचं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. सायकलमार्गाची पट्टी हीच कंत्राटदाराची ये-जा करायची वाट असते. क्रेन, रुळांचे ट्रक, खडी सगळं तिथूनच जातं. म्हणून डांबर सगळ्यांत शेवटी पडतं, आणि काही महिन्यांचा उशीर चालण्यासारखा आहे. न चालणारी गोष्ट ही की आधार-भिंती, पुलांचे पाये, गटारं आणि दिव्यांच्या केबलचे पाइप पहिल्या कंत्राटात नसणं. गाडी सुरू झाल्यावर रुळांशेजारी खोदायचं तर वीज बंद करून, रात्रीच्या दोन-तीन तासांतच काम करावं लागतं. खर्च वाढतो आणि मग ‘पुढच्या टप्प्यात बघू’ असं उत्तर मिळतं. जनसुनावणीत एकच वाक्य लिहून घ्यायचं असेल तर हे घ्या: सायकलमार्गाचं जमिनीखालचं आणि भिंतींचं सगळं काम रुळांच्याच कंत्राटात होईल.

प्रश्न: मार्ग आणि रूळ यांच्यामध्ये जाळी हवीच का? तुरुंगात चालवल्यासारखं वाटतं.

हवी, पण सगळीकडे एकसारखी नको. गाडी स्वतंत्र पट्ट्यातून वेगाने धावत असेल तर अडथळा हवाच. जिथे मार्गाच्या कडेला खोल उतार किंवा पूल आहे तिथे कठडा 1.2 मीटर उंच असावा. 1.07 मीटरचा कठडा पायी चालणाऱ्याला पुरतो, पण सायकलवरच्या माणसाचा तोल त्याच्या वरून जातो. कठड्याला हँडलच्या उंचीवर, जमिनीपासून मीटरभर वर, सपाट पट्टी असावी म्हणजे हँडल घासलं तरी खांबात अडकत नाही. जाळीचे खांब रुळांच्या बाजूला आणि गुळगुळीत बाजू सायकलकडे.

कोंडल्यासारखं वाटतं ते उंच, भरीव भिंतींमुळे आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे. आरपार दिसणारी जाळी आणि मध्येमध्ये वाटा असतील तर तसं वाटत नाही. फाटकाजवळ जाळी मुद्दाम कमी उंचीची ठेवावी लागते, नाहीतर येणारी गाडी दिसत नाही. लोखंडी जाळी विजेच्या दृष्टीने नीट जोडलेली असावी लागते, कारण शेजारच्या तारेत 600 ते 750 व्होल्टचा दाब असतो. म्हणून जाळीला घरगुती तारेने पाट्या, माळा बांधू नका, आणि मासेमारीचा गळ किंवा लांब काठी उभी धरून पुलावरून जाऊ नका.

प्रश्न: फाटकावर गाडी गेली की लगेच निघावं का? दिवा बंद होत नाही, लोक निघतात.

नाही. दिवा चालू आहे याचा अर्थ दुसऱ्या रुळावरून दुसरी गाडी येते आहे. गेलेल्या गाडीचा मागचा भाग तिला झाकतो, तिचाच आवाज दुसरीचा आवाज गिळतो. विजेवरची गाडी तशीही फार वाजत नाही. दोन्ही रूळ दोन्ही बाजूंना मोकळे दिसल्याशिवाय हलू नका. कानात इअरफोन असतील तर ते इथे काढायचेच.

गाडी थांबेल या भरवशावर राहू नका. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणारी लाइट रेल नेहमीच्या ब्रेकने साधारण 75 मीटरमध्ये थांबते. आणीबाणीचा ब्रेक लावला तरी चालकाला प्रतिक्रियेला लागणारा एक सेकंद धरून 50 मीटरच्या आसपास जातात, आणि रूळ ओले किंवा पानांनी चिकट झाले असतील तर त्याहून जास्त. गाडीला बाजूला वळता येत नाही.

आखणीतला एक दोष इथे फार वेळा दिसतो. समांतर रस्ता आणि रूळ यांच्यामध्ये थांबायला जागाच ठेवलेली नसते. सायकलस्वार रूळ ओलांडून रस्त्याच्या सिग्नलला थांबतो आणि त्याचं मागचं चाक रुळावर राहतं. ही जागा किमान अडीच ते तीन मीटर खोल हवी. वेडीवाकडी वळवून नेणारी अडथळ्याची फाटकं बसवली असतील तर त्यातल्या कठड्यांमधलं अंतर दीड मीटर तरी असावं. कमी असेल तर लांब सायकल मध्येच अडकते आणि तिचं शेपूट रुळांवर.

प्रश्न: चालणारे आणि सायकलवाले यांची रोज भांडणं होतात. पट्टा मारून भाग केले तर?

मार्ग 3 मीटरचा असेल तर पट्ट्याने काही होत नाही. दोघं गप्पा मारत चालणारी माणसं पट्टा ओलांडणारच. 5 मीटर जागा असेल तर दोन वेगळे भाग करा: चालायला 2 मीटर, सायकलला 3, मध्ये चार-पाच सेंटिमीटरची तिरकी, चाक चढेल अशी कड. काटकोनी कड नको, तिला चाक घासून लोक पडतात. जागा नसेल तर सायकलवाल्याने वेग उतरवायचा. घंटी अगदी पाठीशी येऊन न वाजवता पंधरा-वीस मीटर आधी वाजवायची. स्टेशनजवळ तर वेग नेहमीच कमी ठेवा. गाडी गाठायला धावणारा माणूस बाजूला बघत नाही. सायकलमार्ग फलाटाच्या पाठीमागून नेला तर यातले निम्मे प्रसंग येतच नाहीत.

प्रवेशावर मोटारी रोखायला लावलेले खांब हाही भांडणाइतकाच त्रासाचा विषय आहे. घोळक्यात पुढच्याच्या मागे असलेल्याला खांब शेवटच्या क्षणी दिसतो. लावायचेच तर एक किंवा तीन लावा, म्हणजे मधोमध एक खांब येतो आणि दोन्ही दिशांना वेगळी वाट राहते. मध्ये दीड मीटर अंतर, वर चमकणारी पट्टी. दोन खांब लावले की मधली वाट दोन्हीकडचे लोक वापरतात आणि समोरासमोर येतात.

प्रश्न: नवा मार्ग दोन वर्षांतच खडबडीत झाला. कंत्राटदाराने डांबर कमी टाकलं असेल का?

शक्य आहे, पण आधी इतर कारणं तपासा. 5 ते 7.5 सेंटिमीटर डांबर आणि त्याखाली 15 ते 20 सेंटिमीटर दाबलेली खडी हे सायकलींना पुरेसं असतं. तरी मार्ग तुटतो तो कुठे आणि कसा तुटला आहे यावरून कारण कळतं.

कडेकडेने, कडेला समांतर भेगा असतील तर खालचा खडीचा थर डांबराच्या कडेलाच संपला आहे. तो दोन्ही बाजूंना तीसेक सेंटिमीटर बाहेर यायला हवा होता. भेगांच्या जोडीला चाकोरीही पडली असेल तर रुळांच्या देखभालीचे ट्रक या मार्गावरून जातात. ते जाणारच, म्हणून मार्ग मुळातच त्यांच्या वजनाला बांधायला हवा. आडवे, एका रांगेत आलेले खड्डे म्हणजे खालून केबल किंवा पाइप गेला आहे आणि चर भरताना एकाच दमात माती लोटली. चर 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर दाबत भरायचा असतो. वेडेवाकडे उंचवटे म्हणजे झाडांची मुळं. झाड कापू नका, मुळांच्या बाजूला अर्धा-पाऊण मीटर खोल आडोसा पुरतात, तो मार्ग बांधतानाच पुरला तर स्वस्त पडतो.

पाण्याकडे विशेष लक्ष द्या. मार्गाला एका बाजूला 1 ते 2 टक्के ढाळ हवा. हे पाणी रुळांखालच्या खडीत सोडायचं नाही. त्यातल्या मातीने खडीतल्या फटी बुजतात, रुळांखाली चिखल होतो आणि मग रेल्वेवाले मार्गाच्याच कडेला चर खणतात. दोघांच्या मध्ये स्वतंत्र गटार हवं. गटाराची जाळी मार्गावर येत असेल तर तिच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या पट्ट्यांत रुळाच्या खाचेसारखंच चाक जातं.

सिमेंटचा मार्ग असेल आणि चालवताना ठक-ठक बसत असेल तर सांधे ओल्या सिमेंटमध्ये अवजाराने पाडलेले, रुंद आणि गोल कडेचे आहेत. सिमेंट घट्ट झाल्यावर करवतीने कापलेला अरुंद सांधा जाणवतही नाही.

प्रश्न: रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने काही दिसत नाही. मार्गावर दिवे आहेत.

दिवे वाढवून याला उपाय होत नाही. रूळ आणि मार्ग एका पातळीत असले की जवळच्या रुळावरून समोर येणाऱ्या गाडीचा झोत सरळ डोळ्यांत येतो. मध्ये सव्वा-दीड मीटर उंचीचं दाट कुंपण किंवा आडोसा घातला तर तो तुटतो, फाटकाजवळचे काही मीटर सोडून. तोवर गाडी दिसली की वेग कमी करा आणि नजर मार्गाच्या बाहेरच्या कडेवर ठेवा. तुमचा दिवाही खाली वळवलेला असू द्या. गाडीच्या चालकाला आणि समोरच्या सायकलस्वाराला तो तसाच लागतो.

प्रश्न: सायकल गाडीत नेता येते का? नसेल तर स्टेशनवर ठेवताना काय बघावं?

प्रत्येक शहराचा नियम वेगळा. वर सांगितलेल्या ग्रीन लाइनवर साधी सायकल चालत नाही, घडीची चालते. मार्ग अगदी स्टेशनला लागून असला तरी हे गृहीत धरू नका. जिथे परवानगी असते तिथेही गर्दीच्या वेळा बहुधा वगळलेल्या असतात.

ठेवायची असेल तर उलट्या यू आकाराचा, जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी दांडा शोधा. सायकल दोन ठिकाणी टेकते, फ्रेम आणि चाक दोन्ही एका कुलुपात येतात. नुसतं पुढचं चाक धरणाऱ्या खाचेच्या स्टँडला सायकल लावली की फ्रेम मोकळी राहते आणि धक्का बसला तर रिमही वाकतं. दोन दांड्यांमध्ये 90 सेंटिमीटर अंतर असलं तर दोन्ही बाजूंना सायकली लागतात, कमी असलं तर निम्मे दांडे रिकामे राहतात. भिंतीपासून 60 सेंटिमीटर तरी लांब असावेत. दांडा नटबोल्टने बसवला असेल तर नट फिरतो का ते हाताने बघा आणि फिरत असेल तर दुसरा निवडा.

प्रश्न: आई व्हीलचेअर वापरते. रूळ ओलांडताना पुढची छोटी चाकं अडकतात.

ती छोटी चाकं स्वतःच फिरतात, त्यामुळे सरळ निघालात तरी खाचेशी येऊन वळतात आणि आत जातात. तुम्ही मागे असाल तर रुळाआधी थांबा, मागच्या पायदांड्यावर पाय देऊन पुढची चाकं उचला आणि मोठ्या चाकांवर, काटकोनात, रूळ पार करा. दुहेरी मार्ग असेल तर चारही रूळ होईपर्यंत चाकं खाली ठेवू नका. आधी आईंना सांगून घ्या, म्हणजे खुर्ची मागे झुकल्यावर त्या दचकणार नाहीत. त्या एकट्या जात असतील तर वेगळ्या, स्वतंत्र फाटकाऐवजी स्टेशनच्या फलाटाच्या टोकाशी असलेलं ओलांडणं वापरू द्या. तिथे गाडी थांबायच्या वेगात असते आणि मदतीला माणसं असतात. खाच 64 मिलिमीटरपेक्षा रुंद दिसली तर मोजपट्टी लावून फोटो काढा आणि तक्रारीला जोडा. नुसतं ‘चाक अडकतं’ म्हटल्याने काम हलत नाही, माप दिलं की हलतं.